ट्रायथलॉनच्या वाटेवर भरलेली ओटी

रविवारी सकाळी साताऱ्याजवळच्या एका तलावात मी गळ्यापर्यंत पाण्यात उभी होते आणि आपण इथे नक्की काय करतोय, हे मला काही केल्या उमगत नव्हतं. आजूबाजूला सगळी काटक, गॉगलवाली मंडळी... आणि मधोमध मी. सांगलीची, पंचेचाळिशीची, बँकेत दिवसभर खुर्चीत बसणारी बाई.

कारण होतं माझी लेक, सई. तेरा वर्षांची. गेल्या हिवाळ्यात पोहण्याच्या स्पर्धेत ती शेवटची आली आणि तेव्हापासून पूलचं नावच काढेना. मी आपलं रोज तेच पालुपद लावलं होतं... अगं, शेवटचं आलं म्हणून काय बिघडतं?

एक दिवस ती भडकलीच. "मग तू ये ना एकदा शेवटची! सगळ्यांसमोर!"

झालं. मला आला राग, आणि त्याच तिरमिरीत मी ट्रायथलॉनला नाव दिलं. आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, मधे विश्रांती नाही. तयारी म्हणाल तर पूलवर चार-दोनदा जाऊन आले, ऑफिसातल्या मैत्रिणीची सायकल मागून आणली... आणि पळायला वेळच झाला नाही. थोडक्यात, आनंदीआनंद.

पोहणं कसंबसं उरकलं. मी लहानपणी कृष्णेत शिकलेली, मान वर काढून हात मारणारी. पाण्याबाहेर आले तेव्हा माझी सायकल स्टँडवर एकटीच उभी होती. लांबून सईचा चेहरा दिसला... ती हसत नव्हती, चिडवत नव्हती. नुसती बघत होती. मला तर भीतीच वाटली. मी मधेच सोडलं तर ही पोरगी पुन्हा पाण्यात पाय घालणार नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं.

आता माझा गाढवपणा ऐका. मोठ्या हौसेने मी सायकलच्या रूटचा नकाशा माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. आणि तो रूट जात होता थेट माझ्या मामाच्या गावातून!

वळण घेतलं आणि बघते तर काय... रस्त्याच्या कडेला मामा-मामी उभे. मामीच्या अंगावर ठेवणीतली साडी, हातात ताट. आणि डांबरावर चक्क पाट मांडलेला!

"मामी, अगं स्पर्धा चाललीय!" मी लांबूनच ओरडले.

"असू दे की! सवाष्ण भाची दारावरनं तशीच जाती व्हय? बस बघू आदी पाटावर."

आता काय करायचं? वेळेची मर्यादा होती, तिकडे लेक वाट बघत होती. पण मामीचे गुडघे दुखतात, आणि ती कधीपासून उन्हात उभी होती कुणास ठाऊक... थांबले बाई. सायकल हातात असताना हेल्मेट काढलं तर बाद, म्हणून मामीने हेल्मेटखाली बोट घालून कुंकू टेकवलं. पदर नव्हता, म्हणून टी-शर्टचा ओचा धरला आणि त्यात तांदूळ, खण, नारळ.

तेवढ्यात मोटारसायकलवरून स्पर्धेवर नजर ठेवणारा मार्शल हजर. बाहेरच्या कुणाची मदत घेतली की स्पर्धक बाद, हे सकाळीच बजावून सांगितलं होतं.

मी घाईने मामीच्या पाया पडायला वाकले आणि पोटरीत असा गोळा आला की तिथेच बसकण मारली. मामा पाय चोळायला धावला.

"मामा, हात लावू नका! बाद करावं लागंल त्यास्नी!" मार्शल ओरडला.

"माझ्या भाचीचा पाय हाय, तुमचं काय जातंय?" मामा कडाडला. पण हात मागे घेतला, आणि त्याच हाताने मार्शलच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवून त्यालाही नारळ दिला. आला पाहुणा म्हणून!

मार्शल नारळ हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. ओटीला मदत म्हणायचं का? "ताई, आता मला बी कायच कळंना झालंय. तुमी जावा," तो म्हणाला.

मग काय, गोळा जरा उतरल्यावर सायकलच्या टी-शर्टला पाठीमागे असतो त्या खिशात नारळ कोंबून निघाले. शेवटी पळायचं होतं ते पळत, चालत, लंगडत संपवलं. टी-शर्टातून तांदूळ गळत होते. पोचले तेव्हा मांडव सोडायला घेतला होता आणि घड्याळ बंद होतं. एक जण म्हणाला वेळ संपली, दुसऱ्याने गळ्यात मेडल घातलं... म्हणजे मी ट्रायथलॉन पूर्ण केली की नाही? अजूनही माहीत नाही.

सई धावत आली. मला वाटलं, आता मिठी मारणार. छे! तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्यावर ओरडत होती. "कुठे थांबली होतीस एवढा वेळ? मी किती घाबरले माहितीये?" मीच रडायला लागले.

परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता आणि सई मागे बसली होती. कराड मागे पडलं. मग ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आई, पोहताना तुझे पाय फार खाली जातात. उद्या चल पूलवर, दाखवते."

मी लगेच हो म्हटलं. जास्त काही विचारलं नाही, उगीच मन बदलायची.

काल गेलो. माझं अंग अजून ठणकतंय आणि ही पाण्यात उभी राहून अख्ख्या पूलला ऐकू जाईल अशी माझ्यावर ओरडत होती, "गुडघे वाकवू नकोस! किती वेळा सांगू?"

मला तिचं निम्मं कळलं नाही... पण देवा, तिला असंच ओरडू दे.