नारिंगी रुमाल आणि कुंदा

मे महिना, अकोल्याचं ऊन. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन मला दोन महिने होत आले होते. ताप गेला होता, खोकला थांबला होता. सकाळी सातला उपाशीपोटी गोळ्या, तासाभराने चहा, असा माझा नेम होता. तेवढ्यात तेल्हाऱ्याहून माझ्या थोरल्या जाऊबाई मला बघायला आल्या आणि त्यांच्या हाती माझा रुमाल लागला. डोळे पुसले की तो नारिंगी होई.

“काहून घेऊन राहिली वं हे गरम गोया? आग निघून राहिली अंगातून! उन्हाळा सरू दे, मंग घेजो.”

नातवंडांनो, फोनवर तुमचा बाबाही म्हणाला, “आई, बरं वाटतंय ना? मग महिनाभर थांब की.”

दोघांनाही मी नाही म्हटलं. पाकिटातल्या कागदावरचं बारीक इंग्रजी मी भिंगाने वाचलं होतं, राहिलेलं डॉक्टरांना विचारलं होतं. पोरांनो, तुम्हीही ऐका. औषधं चार. त्यांतली दोन क्षयाच्या जंतूला त्याची मेणचट भिंत बांधू देत नाहीत. तिसरं त्याचं आतलं काम बंद पाडतं. रुमाल रंगतो तो त्याच्यामुळे, उष्णतेने नाही. चौथं अंगातल्या आंबट, म्हणजे आम्लाच्या जागी दडलेल्यांना गाठतं, ते पहिले दोनच महिने. तरी काही जंतू झोपून राहतात. ते मरेपर्यंत उरलेली तीन औषधं आणखी चार महिने.

“पन बरी झाली तं आता कायले?” जाऊबाई अडूनच बसल्या.

“निंदणी करताना वावरातला कुंदा वरून कापून तुम्ही सोडून देता का?”

“येडी झाली का! दुप्पट फुटते तो. मुळासकट खोदा लागते.”

“मग हेही तसंच. शिवाय अर्धवट सोडलेले जंतू पुढे औषधालाही जुमानत नाहीत.”

जाऊबाई उठल्या. रुमाल धुऊन त्यांनी मागच्या अंगणात वाळत टाकला, कोणाला दिसू नये म्हणून. मी तो काढून रस्त्याकडच्या दोरीवर टाकला.

“लोक काय म्हनतीन?”

“हिला क्षय झालाय आणि ही औषध घेते, असं म्हणतील. खरंच आहे ते.”

दुसऱ्या दिवशी सातला जाऊबाई पाण्याचा गिलास घेऊन माझ्यापुढे उभ्या. चेहरा अजून फुगलेलाच.

“घे,” त्या म्हणाल्या. “खोद तुहा कुंदा.”

पूर्ण सहा महिने खोदला. एक दिवसही चुकवला नाही.