इटलीचा घाट चढून आलेली भाची

आमच्या घरातली मागची खोली पूर्वी कपडे वाळत घालायची होती. आता तिथं माझी सायकल असते, मागचं चाक काढून ट्रेनरवर घट्ट बसवलेली. ट्रेनर म्हणजे एक वजनदार यंत्र. समोरच्या टीव्हीवर रस्ता चढाला लागला की ते पॅडल जड करतं आणि उतार आला की हलकं. जोतिबाच्या रस्त्यावर एका वळणाला खडीवरून घसरले, खांदा निखळला, तेव्हापासून खऱ्या रस्त्यावर सायकल काढायची माझी छाती होत नाही. विचारणाऱ्यांना मी कागलच्या एमआयडीसीतल्या नोकरीचं कारण सांगते, वेळच मिळत नाही म्हणते. मिळतो. मला भीती वाटते.

टीव्हीवर जगातले पाहिजे ते रस्ते लावता येतात. मला आवडतात ते इटलीच्या उत्तरेकडचे, ट्रेंटिनो नावाच्या डोंगराळ भागातले. कुणीतरी खरोखर सायकल चालवत त्यांचं चित्रण केलेलं आहे. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडांचं जंगल, कडेला कापलेल्या ओंडक्यांच्या थप्प्या, आणि प्रत्येक वळणावर त्या वळणाच्या नंबराची पाटी. मधेच झाडी संपते आणि खाली दरीत सफरचंदाच्या बागा दिसतात. वर गवताळ माळावर गळ्यात घंटा बांधलेल्या गाई चरत असतात. पंखा फुल्ल लावून मी त्या रस्त्यांवर घाम गाळते. नवरा दारातून डोकावून विचारतो, "आज कुठवर?" मी गावाचं नाव सांगते आणि तो चहा ठेवायला जातो.

एका रविवारी मी तिथला एक मोठा घाट न थांबता पूर्ण केला. आनंद पोटात मावेना. टीव्हीवरच्या जंगलाचा फोटो काढला, शेजारी हेल्मेट घातलेला माझा जुना फोटो जोडला आणि स्टेटसला टाकलं, 'इटलीतला जंगलातला घाट चढून आले!'

घात केला तो त्या 'आले'नं. आपण मराठीत नुसतं काही करत नाही, करून येतो. भाजी घेऊन येतो, देव बघून येतो. इंग्रजीत लिहिलं असतं तर कदाचित कुणाला काही वाटलं नसतं. पण सगळा दोष भाषेवर ढकलायचा तर तो जुना फोटो शेजारी कशाला जोडला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणजे आहे, पण ते देताना मान वर होत नाही.

माझं आजोळ शिरोळ भागात. आई लवकर गेली, त्यामुळे माहेर म्हणायचं ते मामाचंच घर. दोन दिवसांत मामांचा फोन आला. ते फोनवर बोलतात ते पलीकडच्या शिवारात ऐकू जाईल असं.

"बाय, इटलीला जाऊन आलीस आणि मामाला सांगितलं न्हाईस व्हय?"

त्या क्षणी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मामा इतके खूश होते की मी हसले आणि म्हटलं, "अहो, अचानकच झालं." हे खोटं नव्हतं. घाट अचानकच पूर्ण झाला होता.

"ऐतवारी ये गावाकडं," ते म्हणाले. "पोरांनी ठरीवलंय."

काय ठरवलंय ते एसटी स्टँडवर उतरल्यावरच कळलं. माझ्याहून मोठी मी फ्लेक्सवर उभी होते. मागं कुठल्या तरी बर्फाच्या डोंगराचं चित्र, कोपऱ्यात हात जोडलेले मामा, आणि अक्षरं अशी, 'इटलीतील अवघड घाट सायकलने सर करणारी आपल्या गावची भाची'. खाली तरुण मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले गोल गोल चेहरे. पहिल्यांदा मला लाज वाटली ती त्या फ्लेक्सची. आमच्या लोकांना कशाचंही हसं करून ठेवायची भारी हौस, असं मनात म्हणून मी नाक मुरडलं. स्वतःची लाज वाटायला आणखी तासभर लागला.

देवळासमोर सतरंजी टाकली होती. शाल झाली, नारळ झाला. मग बायका पुढे आल्या. लेक परदेशातून सुखरूप आली म्हणून त्यांनी माझी ओटी भरायचं ठरवलं होतं. मी पदर पुढे केला. एकेक जण तांदूळ घालत होती आणि मी खाली मान घालून ते तांदूळ पडताना बघत होते. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुठल्या नदीचा घाट गं त्यो?"

आजोळचं गाव नदीकाठचं, सपाट. तिच्या लेखी घाट म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मंडळाची पोरं फिदीफिदी हसली. एक जण ओरडला, "आज्जे, डोंगराचा घाट, डोंगराचा!" तिला डोंगरावर सायकल का न्यायची हेच कळेना. अख्ख्या गावात खरा प्रश्न विचारणारी ती एकटीच निघाली, आणि तिलाच सगळ्यांनी वेड्यात काढलं. मीही हसले. ते हसू मला अजून खुपतं.

मग मला बोलायला लावलं. मी ओंडक्यांच्या थप्प्या सांगितल्या, सफरचंदाच्या बागा सांगितल्या, वळणांच्या पाट्या सांगितल्या. 'मी तिथं गेले होते' असं एकदाही म्हटलं नाही. एकेक वाक्य तपासून बघितलं तर सगळं खरं होतं. घरी परतताना एसटीत मी हाच हिशेब मनाशी करत बसले, आणि तो करावा लागतोय यातच काय ते समजलं.

मामांना रस्त्यात रस नव्हता. त्या दिवशी गावात जेवताना त्यांनी विचारलं, "गाया कशा हायत तिकडं?"

"गळ्यात मोठ्या घंटा असतात," मी म्हटलं. "चरताना वाजतात."

पुढच्या वेळी मामींनी फोनवर सांगितलं की मामांनी जर्सी गाईच्या गळ्यात घंटा बांधली आहे, तिच्या आवाजानं रात्रभर झोप लागत नाही, आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, इटलीत अशीच पद्धत आहे, भाची बघून आली.

नवरा म्हणाला, "सांगून टाक की एकदाचं. हसतील आणि विसरतील." त्याला मामा कळलेले नाहीत. आमचे मामा दूध डेअरीत एकदा भांडले होते, ते फॅट जास्त लागलं, म्हणजे दुधाला भाव जास्त मिळाला, म्हणून. "माझ्या म्हशीचं एवढं नसतंय, परत मोजा," म्हणून ते अडून बसले आणि मागं रांग खोळंबली. असा माणूस माझ्या शब्दावर गावभर सांगत फिरत होता. त्यांची मान खाली जाईल म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर मला माझीच मान वर हवी होती.

परवा सकाळी मामा न सांगता आले. कोल्हापुरात कुणाचं तरी लग्न होतं, त्याआधी भाचीकडं चहा घ्यावा म्हणून. दार नवऱ्यानं उघडलं आणि, विसरून की मुद्दाम कोण जाणे, त्यांना थेट मागच्या खोलीत आणून उभं केलं. मी चढावर होते. पंख्याच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. मान वळवली तेव्हा मामा दारात दुधाची किटली धरून उभे होते.

ते टीव्हीकडे बघत होते. जंगल, थप्प्या, वळणाची पाटी. मग त्यांनी खाली बघितलं. जिथं मागचं चाक असायला हवं तिथं ते बराच वेळ बघत राहिले.

"हे जाग्यावरच फिरतंय की," ते म्हणाले.

मी थांबले. थांबल्यावर टीव्हीवरचा रस्ताही थांबला. घाम पुसायचंही सुचेना.

"मामा, मी इटलीला गेलेच नव्हते."

"व्हय," ते म्हणाले. "दिसतंय की."

ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडणं म्हणजे काही विशेष नाही, ते झालं की जेवायला बसतात. पण मामांनी किटली खाली ठेवली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. मी म्हटलं, येत्या रविवारी गावाकडं येते, देवळासमोर सगळ्यांना सांगते. ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. पलीकडे मामी होत्या.

"पोचलासा व्हय? बाय हाय का घरात? तिला म्हणावं, शाळंत पोरींना चार शब्द सांगायला ये. बाई इचारत्यात. इटलीचं सांग म्हणावं."

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत, अडखळत म्हणाले, "तिला न्हाय जमायचं. ती... परत निघालीया. इटलीला."

"आता गं बया! परत? मग येणार कवा?"

मामांनी फोन छातीशी दाबून धरला. म्हशीच्या दुधाचं फॅटसुद्धा जास्त लावून न घेणारा माणूस पडेल आवाजात मला विचारत होता, "कवा म्हणून सांगू?"

आता तरी फोन हातात घेऊन मामींना खरं सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं मी.

"पुढच्या महिन्यात सांगा," मी म्हटलं.