दिराचे दात

शिंपीणबाईंच्या नवऱ्याचं घोरणं शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं. दिराचंही तसंच होतं, पण दातांच्या डॉक्टरांनी त्याला खालचा जबडा पुढे धरून ठेवणारा साचा करून दिला आणि घोरणं थांबलं. धाकटी जाऊ टवटवीत चेहऱ्याने मिरवू लागली, तशी बाईंच्या पोटात दुखू लागलं. हातातलं शिवण टाकून त्यांनी नवऱ्याला त्याच डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने निमूटपणे कवळी काढून हातात घेतली.

"अहो, साचा दातांवरच बसतो. तुम्ही झोपेच्या डॉक्टरांकडे जा, ते तपासून नाकावर लावायचं मशीन देतील."

जावेच्या बांगड्यांवर, घरावर, सुनेवर बाई जळून झाल्या होत्या. दिराच्या दातांवर जळायचं तेवढं राहिलं होतं, तेही आज झालं.