पायरीला लागलेली होडी

शेवंताबाईंच्या घरात महापुराचं पाणी कधी शिरलं नाही. महापूर दोनदा आला, दोन्ही वेळा पाणी दुसऱ्या पायरीला लागलं आणि माघारी फिरलं. त्या दिवसांत अर्धी घाटगे गल्ली त्यांच्या माडीवर होती. बाईंनी सगळ्यांना पिठलं-भात करून घातला. माणसं न्यायला होडी यायची ती त्यांच्याच पायरीला. पायरीला लागलेल्या होडीचा फोटो पेपरात आला, मोबाईलवर फिरला, आणि तेव्हापासून घाटगे गल्ली म्हणजे होडीची गल्ली, असं सगळ्या कोल्हापुरात झालं.

घर विकायचं होतं ते नवऱ्यासाठी. सयाजींचं डायलिसिस सुरू होतं. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की रिक्षा यायची नाही, मग दवाखान्यात न्यायचं कसं? लेक संयोगिता कळंब्याला. पण जावयाच्या दारात राहायला सयाजी काही केल्या तयार नव्हते. म्हणून तिच्या शेजारीच एक फ्लॅट बघून ठेवला होता. याच कळंब्यात एकेकाळी प्लॉट स्वस्तात येत होता, तेव्हा सयाजीच म्हणाले होते, "कळंबा जेलाजवळ? पावण्यास्नी पत्ता काय सांगायचा?" आता तिथला दर विचारायची सोय राहिली नव्हती.

एजंट उदयसिंह मुरगूडचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. पाहुणा पायरीवरच थांबला.

"पाणी कुठवर आलतं?"

उदयसिंहानं बाईंना डोळ्यानं खुणावलं. पण सकाळीच अंबाबाईला हात जोडून आलेल्या त्या. खोटं बोलायला जीभ वळेना.

"दुसऱ्या पायरीपतोर. उंबरा न्हाय ओलांडला."

"आणि गल्लीत?"

"गल्लीत... छातीएवढं."

"मग घरात उडत यायचं व्हय?" पाहुणा हसला. त्यानं नुसत्या जागेचा, तोही पडेल भाव सांगितला. "पाडूनच बांधायला लागणार की. खाली गाड्या, वर माणसं."

"त्या वरच्या चौकात दुप्पट देत्यात. हितनं दिसतोय की चौक!" बाई म्हणाल्या.

"दिसतोय, आक्का," उदयसिंह म्हणाला, "पण तिथं होडी न्हाय गेली."

तेवढ्या पैशात कळंब्याला एक खोलीसुद्धा येत नव्हती. बाईंनी नाही म्हटलं. त्यानंतरची गिऱ्हाइकं गल्लीचं नाव ऐकून फोनवरच थांबली.

आषाढात धार लागली. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याचं कळलं, म्हणजे पूर चढणार, तशा बाई मागल्या दारी गेल्या आणि हळू आवाजात उदयसिंहाला फोनवर म्हणाल्या, "त्या मुरगूडच्या पावण्याला सांग, देतो म्हणावं. त्यानं सांगितलेल्या भावात. तिकडं भाड्यानं राहू."

"आक्का, त्यो आता पाणी उतरल्यावर बघू म्हणतोय. तेव्हा आणखी खाली मागंल."

बाहेर रिक्षा आली होती. सयाजी भिंतीला धरून उठत होते. "कुणाचा फोन?"

"उदयसिंहाचा. बघू म्हणाला."

बाईंनी त्यांना धरून रिक्षात बसवलं. रिक्षावाला गल्लीच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "काकू, आज नेऊन आणतो. पुढच्या खेपंचं मातर काय सांगत न्हाय."

"बरं," म्हणत त्या सयाजींना टेकून बसल्या.