गहू दळून मिळणार नाही

पहिलं पीठ खाली आलं की मामा चिमूटभर जिभेवर टाकायचे. "हां, बारीक हाय," म्हणायचे, मगच डबा लावायचे. असा गिरणीवाला तुमच्याही गावात असेल. पण चाकूरला आमच्या गल्लीतल्या मामांइतका वाळलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

सदा पोट बिघडलेलं, रक्त कमी, पाय ओढत चालणं. गल्लीनं औषध ठरवलं : ताकद पाहिजे, गव्हाची खीर द्या. आमच्याही घरून जायची. काय अक्कल म्हणायची आमची!

शेवटी लातूरला तपासण्या झाल्या. मी शाळामास्तर, म्हणून समजून घ्यायला मला नेलं. डॉक्टर म्हणाले, सिलिअ‍ॅक. गव्हातलं एक प्रथिन यांच्या शरीराला वैरी वाटतं. त्याच्याशी लढताना आतड्याच्या आतली बारीक लव झिजून सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, हाडंसुद्धा ठिसूळ होतात. गहू सोडणं हेच औषध.

मामांना ते माझ्याआधी कळलं. "म्हंजी जात्याच्या दगडाची टाकी गेली, खाचा झिजल्या. दाणा नुसता सरकून राहिला."

गहू सुटला. ज्वारीची भाकर आमच्याकडं काय नवी? तरी सहा महिन्यांनी मामा तसेच. चोरून खाता का, म्हणून डॉक्टर रागावले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेलो, तर मामांनी गव्हाच्या पिठाची चिमूट जिभेवर टाकली. दिवसातून वीस वेळा टाकत होते, आणि इतकी वर्षं मी समोर उभा राहून बघत होतो. वर ते उडणारं पीठ नाकातोंडात जायचं ते वेगळंच.

मग मीच हात धुऊन त्यांच्या मागं लागलो. गिरणी झाडूनपुसून घेतली, दारावर मीच खडूनं लिहिलं : गहू दळून मिळणार नाही. लोक कुरकुरले, पण गहू दुसरीकडं नेऊ लागले. दिवाळीपर्यंत मामांचे गाल जरा भरले.

फेब्रुवारीत माझ्या मुलीचं लग्न होतं. ऐनवेळी त्या दुसऱ्या गिरणीचा पट्टा तुटला. घरात पाहुणे आलेले. मी गव्हाचं पोतं घेऊन मामांच्या दारात उभा राहिलो. एवढ्या एका डावापुरतं, म्हणालो.

मामा हसले. "गुरुजी, लेक काय तुमची एकट्याचीच हाय का?" तोंडाला उपरणं बांधून त्यांनी पोतं दळून दिलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गव्हाचे तीन डबे आले. गुरुजींचा दळला, मग आमचा का न्हाई? मामांना कुणाला नाही म्हणता येईना. आणि मी कुठल्या तोंडानं लोकांना अडवणार होतो? पुढं दारावरचं खडूचं लिहिणंही पुसलं गेलं. मी ते पुन्हा लिहिलं नाही.

वर्षाच्या आत मामा होते तसे वाळले. पावसाळ्यात गिरणीच्या पायरीवरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. लातूरला नेलं, ते परत आलेच नाहीत.

तेराव्याला मामींनी नैवेद्याच्या पानात तूप लावून गव्हाची पोळी वाढली. कुणीतरी दबकत म्हणालं, मामी, गहू वाढलाय.

"आता खाऊ द्या त्यास्नी," मामी म्हणाल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.