क्वार्टरबॅकबद्दलचं माझं चुकलेलं वाक्य

मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करतो, हे पुण्यातल्या नातेवाइकांना समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडून दिला. आई शेजाऱ्यांना सांगते, "तो खेळाडूंचे व्हिडिओ बघतो." शेजारी विचारतात, "आणि काम?"

काम तेच आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. सिडनीत युनिला, म्हणजे विद्यापीठात, आलो तेव्हा माणसाच्या शरीराची हालचाल मोजण्याचं शास्त्र शिकलो आणि पॅरामॅटातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. खेळाडू चेंडू कसा फेकतो, त्याचं वजन कुठून कुठे जातं, पाय कुठे पडतो, हे आम्ही व्हिडिओवरून तपासतो. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एक अमेरिकेतला व्यावसायिक फुटबॉल संघ आहे. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हाताने फेकायचा खेळ, आणि तो फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. डोकंही त्याचं आणि खांदाही त्याचाच. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो. सगळे व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजमधले खेळाडू निवडतात. ज्याचं नाव लवकर पुकारलं जातं त्याचं आयुष्य बदलतं. ज्याचं पुकारलंच जात नाही, तो बहुतेक वेळा दुसरी नोकरी शोधतो.

तीन वर्षांपूर्वी बायकोला डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. ती डॉक्टर आहे. आम्ही सिडनीतलं क्वेकर्स हिलचं घर भाड्याने दिलं, सात वर्षांच्या लेकीला घेतलं आणि उत्तरेला गेलो. बॉस मला म्हणाली, "व्हिडिओ तर कुठूनही दिसतात, मेट." ती मूळची भालाफेकपटू. पन्नाशीतही तिचे खांदे बघून तिला दारातून आडवं जावं लागत असेल असं वाटायचं. वर्षभरातच मात्र वरच्या लोकांनी कुजबुज सुरू केली, की सगळ्यांनी पॅरामॅटाला ऑफिसात बसावं. बॉस माझी बाजू धरून होती. ती किती दिवस धरेल, हे मला माहीत नव्हतं.

त्या फेब्रुवारीत माझ्याकडे सहा क्वार्टरबॅक होते. पाच जण मोठ्या कॉलेजांचे, नावाजलेले. सहावा एका लहानशा कॉलेजचा. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर कायम नुकतंच कोणीतरी रागावल्यासारखा भाव. सीझनच्या सुरुवातीला तो इतका सुंदर फेकत होता, की मी एक-दोनदा नुसताच बघत बसलो, मोजायचं विसरून. शेवटच्या चार सामन्यांत मात्र त्याचं काहीतरी बिनसलं. समोरून दांडगे लोक धावत आले, की त्याचा पुढचा पाय आखडायचा. लांब फेकायची संधी असली तरी तो जवळच्याच माणसाकडे चेंडू देऊन मोकळा व्हायचा. लांब फेकलाच, तर चेंडू दोन हात आधीच पडायचा.

मी त्या सगळ्या फसलेल्या फेकी एकत्र केल्या, पुन्हापुन्हा पाहिल्या आणि अहवालात लिहिलं: "दबावाखाली डगमगतो. अंगावर माणूस येण्याची भीती हालचालीत दिसते."

बॉसला ते वाक्य आवडलं. "हे असं स्वच्छ लिहायला हवं," ती म्हणाली आणि तिने ते उचलून पहिल्या पानावर वर घातलं. अहवाल अमेरिकेला गेला. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. नेहमी मी अंश आणि सेंटिमीटर लिहितो. त्या दिवशी पहिल्यांदा मी माणसाबद्दल काहीतरी लिहिलं होतं.

आठवड्याभरात मी जिन्यावरून पडलो.

डार्विनमध्ये आमचं घर खांबांवर होतं आणि बाहेरून लाकडी जिना. तिकडच्या पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, त्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरायचं. बायको रोज बजावायची, रोज मी हो म्हणायचो. एका दुपारी कपड्यांची बास्केट घेऊन उतरताना पाय सटकला आणि डावी बरगडी पायरीच्या कडेवर आपटली. श्वास घेता येईना. एक्स-रे काढला. मोडलं काही नव्हतं, पण जबरदस्त मुका मार होता.

"सहा आठवडे," बायको म्हणाली. "शिंकू नकोस, हसू नकोस, आणि शूर व्हायला जाऊ नकोस."

दहा-बारा दिवसांनी जरा बरं वाटायला लागलं. त्या दिवशी आर्व्होला, म्हणजे दुपारी, पाऊस थांबला होता. लेक शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, थ्रो मी वन." बॉसने कधीतरी भेट दिलेला तो लांबट चेंडू खाली गवतात पडला होता. मी म्हटलं, एक फेकायला काय हरकत आहे. ती कुंपणापर्यंत पळत गेली. मी हात मागे घेतला, फेकला, आणि चेंडू निम्म्या वाटेतच पडला.

"दॅट वॉज रबिश," लेक म्हणाली.

दुखलं फारसं नव्हतं, मला सांगायचंय ते वेगळंच. फेकताना माझा पुढचा पाय आपोआप आखूड पडला होता. मी तसं ठरवलं नव्हतं. अंगाने परस्पर ठरवलं होतं, की कंबर पुरती वळवायची नाही, नुसत्या हाताने भागवायचं. आणि चेंडू हातातून सुटल्यावर माझं डावं कोपर बरगडीला चिकटलं होतं, झाकण लावल्यासारखं.

ते कोपर मी कुठेतरी पाहिलं होतं.

मी तसाच वर गेलो आणि लॅपटॉप उघडला. या वेळी फसलेल्या फेकी पाहिल्याच नाहीत. ज्यांत त्याच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं, त्या पाहिल्या. सोप्या, जवळच्या, यशस्वी. त्या मी आधी तपासल्याच नव्हत्या, कारण त्यांत चूक काही दिसत नव्हती. आता दिसलं. तिथेही पाय आखूड. सामन्याआधीच्या सरावात, एकटा फेकत असतानाही आखूड. आणि दर फेकीनंतर डावं कोपर बरगडीशी. मग मी मागे मागे जात राहिलो, आणि त्या चार सामन्यांच्या आधीच्या सामन्यात ते सापडलं. चेंडू सुटून गेल्यावर एक आडदांड खेळाडू त्याच्या डाव्या कुशीत खांदा घालून आदळला होता. आमचा क्वार्टरबॅक उठला, हात झटकले, पुढचा डाव खेळायला गेला. त्याआधी त्याचा पाय नीट पडत होता. त्यानंतर एकदाही नाही.

बायको ड्यूटीवरून आली तेव्हा मी तिला दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावून दाखवल्या. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने त्या दोनदा पाहिल्या.

"बरगडी असू शकेल. पोटाचा स्नायूही असू शकेल," ती म्हणाली. "इथे बसून मी सांगणार नाही. तू काय लिहिलं होतंस?"

मी वाक्य वाचून दाखवलं.

"भीती? ती कशी मोजलीस?"

मी लॅपटॉप मिटला.

"आम्हाला पेशंटच्या फाइलवर 'नाटक करतो' असं लिहायची फार इच्छा होते कधी कधी," ती म्हणाली. "लिहीत नाही. कारण पुढचा डॉक्टर ते आधी वाचतो आणि पेशंटकडे नंतर बघतो."

जेवताना डोक्यात तेच चालू होतं. तिकडे अमेरिकेत कोणीतरी माझं ते वाक्य वाचून त्या पोराकडे बघत असणार. आणि सांगायचं तर कोणत्या तोंडाने? घरून काम करणारा माणूस अर्धवट बघून अहवाल पाठवतो, हे ऐकायला कंपनीतले काही जण टपलेलेच होते. एकदा वाटलं, आपला अहवाल हा त्यांच्याकडच्या विसांतला एक असेल, कोण एवढं मनावर घेतंय. हे मी बायकोला बोलूनही दाखवलं. ती भांडी डिशवॉशरमध्ये लावत राहिली. 

सकाळी आठ वाजता मी बॉसला फोन केला.

"माझा सहाव्या खेळाडूचा अहवाल चुकला आहे," मी म्हटलं. "आकडे बरोबर आहेत. वाक्य चुकलंय."

"कुठलं वाक्य?"

"तू वर घातलंस ते."

 एरवी दर दोन वाक्यांमागे 'नो वरीज' म्हणणारी ती बाई त्या दिवशी एकदाही तसं म्हणाली नाही. "जे आहे ते सगळं पाठव," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

पुढचे दोन तास मी घरात नुसत्या येरझारा घातल्या. मनातल्या मनात क्वेकर्स हिलच्या भाडेकरूला नोटीस देऊन झाली, लेकीची शाळा बदलून झाली, बायको डार्विनमध्ये आणि मी सिडनीत अशी वाटणीही करून झाली. मग फोन वाजला.

"मी पंधरा वर्षं भाला फेकला," ती म्हणाली. "हे तुझ्याआधी मला दिसायला हवं होतं. ते कोपर!" मग म्हणाली, "आता नीट ऐक. चूक सांगणारा माणूस मला हवा आहे. पण पुढच्या वेळी ती पाठवायच्या आधी सापडू दे."

फोन ठेवून बाहेर आलो. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो, ओल्या शेवाळातच.

तिने त्याच दिवशी गिऱ्हाईक संघाला लेखी कळवलं, की ते निरीक्षण आम्ही मागे घेत आहोत. दोन दिवसांनी त्यांचा माणूस व्हिडिओ कॉलवर आला. त्याची संध्याकाळ, माझी सकाळ. क्वार्टरबॅक निवडण्यात उभं आयुष्य घालवलेला, पांढऱ्या मिशांचा, शब्द जपून वापरणारा माणूस. क्लिप बघून झाल्यावर त्याने मला थेट विचारलं, "म्हणजे आधी तुम्ही म्हणालात हा भित्रा आहे. आता म्हणताय शूर आहे?"

बॉस दुसऱ्या चौकटीतून माझ्याकडे बघत होती.

"नाही सर," मी म्हटलं. "आता मी म्हणतोय की मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, पण मी लिहिलं. त्या सामन्यानंतर त्याचं अंग वेगळं हलतंय, एवढंच मला दिसतं. का, ते डॉक्टरला विचारा. किंवा त्यालाच."

तो मान हलवून "थँक यू" म्हणाला आणि कॉल संपला. त्याला राग आला, की पटलं, काही कळलं नाही. बॉस म्हणाली, "ठीक बोललास." तेवढ्यावर मी मार्च महिना काढला.

एप्रिलच्या सुरुवातीला तिचा मेसेज आला. संघाने त्या मुलाला भेटीला बोलावलं होतं आणि त्यांच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. डावीकडच्या दोन बरगड्या मोडून जुळून आल्या होत्या. त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या कॉलेजचा दुसरा क्वार्टरबॅक आधीच जायबंदी होता आणि तिसरा नव्हताच. आता बरगड्या पूर्ण बऱ्या होत्या. भेटीत त्याने चेंडू फेकून दाखवले, पाय नीट पडत होता. मेसेज मी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मूर्ख आहे. मोडक्या बरगड्यांनी खेळला!" पण म्हणताना हसत होती.

तरी ड्राफ्टपर्यंत धाकधूक होतीच. दुखणं लपवलं म्हणूनही एखादा संघ त्याला नाकारू शकला असता. शिवाय माझं पहिलं वाक्य कोणाकोणाच्या कानावर गेलं होतं, देव जाणे.

ड्राफ्टची पहिली फेरी तिकडे गुरुवारी संध्याकाळी असते, म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी सकाळी. त्यात तो येईल असं कोणालाच वाटत नव्हतं, आणि आला नाही. शनिवारी सकाळी दुसरी आणि तिसरी फेरी. बायको घरी होती. तिने पोहे केले आणि कधी नव्हे ती माझ्या शेजारी सोफ्यावर बसली. दुसरी फेरी संपली. तिसरी सुरू झाली. माझा चहा गार झाला. आमच्या गिऱ्हाईक संघाची पाळी दोन नावांवर आली होती, आणि त्यांना क्वार्टरबॅक हवा होता, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात भलत्याच संघाने त्याचं नाव पुकारलं.

पडद्यावर एक लहानसं घर दिसलं. खच्चून भरलेली खोली, त्याची आई तोंडावर हात ठेवून रडतेय आणि तो उभा राहताना त्याच्या डोक्याला छताचा पंखा लागता लागता राहिला. तो हसत होता. इतक्या महिन्यांत मी त्याला हसताना पहिल्यांदाच बघत होतो. मी सोफ्यावर मागे टेकलो आणि लक्षात आलं, की फेब्रुवारीपासून मी खांदे वर उचलूनच वावरत होतो.

फोन वाजला. बॉस. तिने आधी एक कचकचीत शिवी हासडली.

"दोन नावं! दोनच नावं आधी! आपल्या लोकांनी दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून आधीची पाळी घ्यायला हवी होती."

"त्यांनी चिडून काही कळवलंय का?"

"मिशीवाल्याचा मेसेज आला. म्हणतो, पुढच्या वर्षीही तुमचेच अहवाल हवेत. आणि त्या डार्विनवाल्याला सांगा, वाक्यं कमी लिही." ती मोठ्याने हसली. "आता टीव्ही बंद कर आणि बाहेर जा, मेट."

आम्ही शनिवारच्या बाजारात गेलो. डार्विनमध्ये त्या बाजारात सकाळीसकाळी लोक वाफाळता लाक्सा खातात. उकाड्यात तिखट रश्शातल्या शेवया. पहिल्या वर्षी मला तो वेडेपणा वाटला होता, आता मीही रांगेत उभा होतो. बायको पपईच्या सॅलडच्या दुकानाकडे गेली.

"सो, डिड युअर गाय विन?" लेकीने विचारलं.

"जिंकला नाही गं. त्याला नोकरी लागली."

 "दॅट्स इट?"

"दॅट्स इट," मी म्हटलं आणि तिच्यासाठी एक मँगो स्मूदी सांगितली. मग स्वतःसाठीही एक.