काकूंच्या दारावरची बेल

लिफ्ट तळापासून नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत समोरच्याचं गाव कुठलं, घरात माणसं किती, लग्न झालंय का आणि नसेल तर का नाही, हे सगळं काकू काढून घेत. भांडवल काय, तर मराठी, मोडकं हिंदी आणि हातवारे! इथे परदेशात, तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकमध्ये मी त्यांचं नाव खानेसुमारी काकू ठेवलं होतं. कळल्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय गं, सरकार नुसतं मोजतं. विचारपूस कोण करतं?"

काकू कराडच्या. काका गेल्यावर मुलानं इकडे आणलं. मुलगा-सून ऑफिसात, नातू शाळेत. आजीनं काही विचारलं की "कॅन लाह" असं इथलं 'हो हो, चालेल' म्हणून हेडफोन लावायचा. दिवसभर काकू आणि पंखा. मी शेजारची, घरून काम करणारी, एकटी. चारचा चहा त्यांच्याकडे ठरलेला. पण मी आपली हाक मारून सरळ आत शिरणार, म्हणून मला त्यांनी पाहुण्यांत कधी धरलंच नाही.

"आपल्या मजल्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं," त्या म्हणत. "तान्हं म्हणून एक नाही. बारसं करावं तर कुणाचं?" खरंच होतं ते. टोकाला एकटी चिनी आजी, गुडघ्यांनी जेरीस आलेली. मधे मलाय जोडपं. बाकी सगळे आमच्यासारखे, नोकरीचा पास आहे तोवरचे.

या सगळ्यांकडे काकू नारळाच्या वड्या पोचवत. डबा स्टीलचाच. प्लास्टिकचा लोक टाकून देतात, स्टीलचा परत करायला माणसाला यावंच लागतं, हे त्यांचं राजकारण. शिवाय डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणजे काहीतरी घेऊन येईल, बसेल, चहा होईल. पण इथली माणसं भारी सभ्य! कुणाला त्रास नको म्हणून डबा लखलखीत घासून, पिशवीत घालून, गुपचूप लोखंडी गेटला अडकवून जात. आत काकू बेलकडे कान लावून बसलेल्या. "मेलं, डबा आला गं, माणूस नाही आला," असं म्हणून पिशवी काढून घेत.

मग मुलाची नोकरी गेली. त्याचा पास गेला म्हणजे सगळ्यांचाच गेला. बघता बघता घर आवरलं. चिनी आजी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती, त्यामुळे एक डबा तिच्याकडेच राहिला. टॅक्सीत बसताना काकू म्हणाल्या, "बरं झालं राहिला. एक जण तरी यायचं बाकी आहे."

परवा दुपारी शेजारच्या रिकाम्या घराची बेल वाजली. बाहेर येऊन बघते तर वॉकर धरून चिनी आजी उभी! हातात डबा, डब्यात दोन संत्री. संत्री जोडीनंच द्यायची, ही तिच्याकडची रीत. झाकण काही बसत नव्हतं.

"आंटी?" तिनं विचारलं.

"गॉन बॅक. इंडिया."

तिला पटेना. ती दाराकडेच बघत राहिली. शेवटी मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आजी पाहिली, डबा पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "तिला म्हणावं, परत वाजव. मला ऐकू दे गं."

मी खुणेनं सांगितलं. आजीनं बटण दाबलं. कुलूपबंद घरात बेल घणघणली, आणि तिकडे कराडात काकू घाईघाईनं ओरडल्या, "आले हं, आले!"